वरचे दोन दात

सॅक्सोफोन नुसता फुंकून वाजतो असं लोकांना वाटतं. खरं तर निम्मं काम दात करतात. वरचे पुढचे दोन दात माउथपीसवर टेकवायचे आणि खालून ओठानं तो धरायचा. क्लॅरिनेटचंही तसंच. माझे ते दोन दात सत्तरीत हलायला लागले.

आणि मुहूर्त तरी कुठला साधला! उभा जन्म मी चेन्नईत दुसऱ्यांनी सांगितलेलं वाजवलं. सिनेमाच्या रेकॉर्डिंगला जायचं, समोर कागद ठेवतील ते वाजवायचं, घरी यायचं. नायिका जिना उतरून येते तिथे सॅक्सोफोन, विनोदी नट घसरून पडतो तिथे क्लॅरिनेट. पुढे कीबोर्ड आला आणि एकटा माणूस आम्हा सगळ्यांची कामं करायला लागला. मग लग्नांची रिसेप्शनं धरली. जॅझ वाजवतो म्हटलं की मैलापूरचे शेजारी विचारायचे, त्यात राग कुठला असतो? मी म्हणायचो, शेजाऱ्यांना येतो तो.

मग गेल्या वर्षी नुंगंबाक्कमच्या एका हॉटेलाला रविवारच्या दुपारी खराखुरा जॅझ हवासा झाला. पियानोवाला माझा जुना सोबती, त्यानं मला ओढून नेलं. काय वाजवायचं ते आम्हीच ठरवणार. लोक जेवत असतात, ऐकतात की नाही देव जाणे, पण मी सुखात होतो. वाट बघून बघून आलेलं सुख होतं ते. त्यात हे दात.

"दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत," बायको म्हणाली. ती सोलापूरची, म्हणी तिच्या जिभेवर तयार असतात. आम्ही तंजावरकडचे; आमच्या घरात मराठी बोलता बोलता तमिळ कधी सुरू होतं ते कळतही नाही.

डेंटिस्टनं दोन्ही दात काढायला सांगितले. वाजवता येईल ना, असं मी विचारलं. "अंकल, सगळं खाता येईल," तो म्हणाला. खाण्याचं कोण विचारतंय? पुढच्या खेपेला क्लॅरिनेटच घेऊन गेलो आणि त्याच्या खुर्चीत बसून वाजवून दाखवलं. बाहेर बसलेल्या एक बाई उठून गेल्या. पोरगा मात्र भला. वाकून नीट बघितलं त्यानं आणि म्हणाला, खोटे दात बसवून देतो, पण ते एवढा दाब सोसतील असं सांगत नाही.

सोसला नाहीच. खोटे दात हलायचे आणि सूर डगमगायचा. शेवटी काही जुने वादक करायचे तसं केलं: वरचा ओठही दातांवर दुमडून घेतला. म्हणजे सगळा भार ओठावर. ओठ सोलून निघाला आणि वरचे सूर काही केल्या निघेनात. "अहो, कुकरची शिट्टी झाली की तुम्ही?" बायको स्वयंपाकघरातून विचारायची. मला हसू येत नव्हतं. भीती वाटत होती, सरळ सांगतो. हे रविवार गेले तर मग माझ्याकडे काय राहणार होतं?

तरी हॉटेलात गेलो. कुणाला काही बोललो नाही. पियानोवाल्यानं आमची नेहमीची चाल सुरू केली, पण नेहमीपेक्षा खालच्या पट्टीत. वर्षभर ती आम्ही एकाच पट्टीत वाजवत आलोय. चूक होणं शक्यच नव्हतं. मी डोळे वटारले. तो पियानोकडे बघत राहिला. वाजवण्यावाचून इलाज नव्हता, म्हणून वाजवलं. वरचा सूर आला तेव्हा ओठाला झेपला. पुढची चालही त्यानं खालीच धरली.

मधल्या सुट्टीत मॅनेजर येऊन म्हणाला, सर, नेहमीसारखंच छान. तो गेल्यावर मी पियानोवाल्याला धारेवर धरलं. मला न विचारता पट्टी उतरवणारा तू कोण?

"तुझ्या बायकोचा फोन आला होता," तो शांतपणे म्हणाला. मग कॉफीचा कप खाली ठेवून तमिळमध्ये म्हणाला, "हॉटेलला दुसरा सॅक्सोफोनवाला मिळेल रे. मला कुठून मिळणार?"

सुट्टी संपल्यावर पुन्हा बसलो तेव्हा त्यानं माझ्याकडे बघितलं. पट्टी मीच सांगितली, खालची.