दादा चाकाशी वाकला होता

दसऱ्याला श्रीखंड-पुरी करून मी मालाडला वाट बघत बसले होते. माझे दोघे भाऊ घाटकोपरहून सोनं द्यायला येणार होते, धाकट्या विलासच्या नव्या गाडीतून. नवी म्हणजे त्याला नवी. घेतली होती जुनीच. दुपार टळली तरी दोघांचा पत्ता नाही, म्हणून मी चिडले होते. तेवढ्यात खालच्या वाण्याने हाक मारली, तुमचा फोन आहे. फोनवर दादाची बायको, माझी वहिनी. पवईच्या उतारावर ब्रेक लागलाच नाही, गाडी उभ्या ट्रकवर गेली. विलासचा हात मोडला. आणि दादा... मी तिलाच म्हणाले, "काहीतरी चुकतंय गं. ब्रेक बघितल्याशिवाय दादा गाडीत बसतो का?"

खरंच बसायचा नाही. त्याच्या स्वतःच्या जुन्या गाडीभोवती तो रोज सकाळी फेरी मारायचा, प्रत्येक टायरवर तळवा फिरवायचा, मग आत बसून ब्रेक दाबून बघायचा. मनोरीला जायचं म्हणून आम्ही नटूनथटून खाली उभे, आणि हा चाकापाशी उकिडवा. मार्व्याची फेरीबोट चुकायची, पोरं रडायची. "दादा, नाडी बघून झाली का रे पेशंटची?" मी म्हणायचे. तो शांतपणे म्हणायचा, "गाडी पळते कशी ते सगळे बघतात गं. थांबते का, ते कोण बघतं?" रस्त्यावर पुढच्या गाडीपासून एवढं अंतर ठेवायचा की मध्ये दोन रिक्षा घुसायच्या. रिक्षावाले वर शिव्याही द्यायचे. आम्ही हसायचो, तोही हसायचा.

त्या दिवशी विलासने गाडीची पूजा केली. झेंडूचा हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. मग दादा सवयीने मागच्या चाकाशी वाकला. विलास म्हणाला, "दादा, आता चाकाला हात नको ना लावूस. पूजा झालीय, शंका घेऊ नये." आमच्याकडे असंच आहे. नारळ फुटला की गाडी देवाच्या हवाली, मग तपासणं म्हणजे देवावर अविश्वास. गाडीला टिळा लावायला आम्हाला आठवतं, मेकॅनिकला दाखवायला नाही. दादा हात झटकून उठला. सणासुदीला धाकट्याचं तोंड उतरायला नको म्हणून एवढा शहाणा माणूस गप्प बसला. त्याचा मला अजून राग येतो. मेलेल्या माणसावर रागावून करायचं काय, तेही कळत नाही.

भेटायला आलेले म्हणत होते, वेळ आली होती, लिहिलेलं चुकत नाही. कसली वेळ? कोणी लिहिलं होतं? टायर गोटा झाले होते, ब्रेक कामातून गेला होता, आणि हे सगळं गॅरेजात तासाभरात कळलं असतं. एवढंच होतं ते.

विलासचा हात आता जुळून आलाय. दर रविवारी तो वहिनीकडे जातो आणि चहा निवला तरी एकच विचारतो, "वहिनी, दादाला काही दिसलं होतं का गं?" ती म्हणते, "नाही रे, काही बोलले नाहीत." तो उठून जातो. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. परवा वहिनी मला म्हणाली, "माझ्या तोंडून निघत नाही. तूच लिही. लिहिलेलं तो एकटा बसून वाचेल."

तर विलास, वाच. दिसलं होतं. हात झटकून तो वहिनीपाशी आला आणि हळूच म्हणाला, "मागचे टायर पार गोटा झालेत. चाकाशी तेल ओघळलंय, ब्रेकचंही खरं नाही. आजचा दिवस त्याचा आहे, उद्या मीच गॅरेजला नेतो." तुझी पोरं मागे चढून बसली होती, त्यांना त्यानेच खाली उतरवलं. गर्मी होईल, काकूबरोबर बसने या, म्हणाला. पोरं रुसली. वहिनीने त्याचा हात धरला, "मग तुम्ही तरी कशाला जाता?" तो म्हणाला, "त्याला एकट्याला कसा सोडू?"

आणि पुढचं दार उघडून तुझ्या शेजारी बसला.