समोरच्यानं लिहिलेला कागद

मला सांगा, भरवसा कुणावर ठेवावा? मापावर, माप धरणाऱ्यावर, की समोर उभ्या गिऱ्हाइकावर? शिरूरला माझं कापडाचं दुकान आहे, पण याचं उत्तर मला दुकानात मिळालं नाही. शिरूर विरुद्ध दौंड या दरवर्षीच्या बुद्धिबळाच्या सामन्यात मी पंच असतो. तिथले किस्से ताग्यांसारखे साठलेत. वरचा एक ओढला की खालचे चार घसरतात.

मी पंच कसा झालो, तेच आधी ऐका. शिरूरकर दौंडचा पंच घेईनात, दौंडकर शिरूरचा. शेवटी दौंडचे इनूसमामा, रेल्वेतले रिटायर गार्ड, म्हणाले, "त्या कापडवाल्याला घ्या. आपला-परका बघत न्हाई तो. सगळ्यांना सारखंच महाग देतो."

नियमांचं पुस्तक इंग्रजी, माझं शिक्षण नववी. डिक्शनरी शेजारी ठेवून वाचलं.

*

सगळ्यात जास्त भांडणं एकाच नियमाची. ज्या मोहऱ्याला हात लावला, तोच चालवायचा. कोरेगावचे एक पाटील घोड्याला हात लावून थबकले.

"मी नुसता बघत हुतो."

म्हटलं, "पाटील, नुसतं बघायला दुकानात या. शंभर साड्या उलगडा, वर चहा पाजतो. इथं हात लावला की घ्यावंच लागतं."

घोडा हलला, पाटील हरले. दुसऱ्या दिवशी ते कारभारणीला घेऊन दुकानात आले. मोजून शंभर साड्या उलगडल्या आणि चहा पिऊन गेले.

*

मोहरा चालवायचा नाही, नुसता घरात नीट बसवायचा, तर आधी तसं बोलावं लागतं. बहुतेक जण "ॲडजस्ट" म्हणतात. वढूचे एक मास्तर मात्र प्रत्येक मोहऱ्याला "जरा सरकून घ्या" म्हणायचे. दौंडवाल्यांनी हरकत घेतली, की हा शब्द पुस्तकात नाही.

मी निकाल दिला, एसटीत चालतो तर पटावरही चालेल.

*

मोबाइल सगळ्यांचे जमा. साडीच्या खोक्यात ठेवतो, माझाही त्यातच. ज्याचा वाजला तो हरला. एकदा ऐन शांततेत खोकं वाजायला लागलं. प्रत्येकाचा चेहरा उतरला. उघडून बघतो तर माझाच. येताना कोथिंबीर आणायची आठवण करून द्यायला बायकोनं फोन केलेला.

इनूसमामा पटावरनं नजर न काढता म्हणाले, "पंच हरले. चला, पुढची चाल."

*

आता त्याच मामांचं सांगतो. दोन वर्षं झाली, त्यांचा हात थरथरतो. मोहरा कसाबसा हलतो, पण चाली कागदावर लिहिणं जमत नाही. आणि लिहिल्याशिवाय आमच्याकडं खेळता येत नाही. नियमात मदतनीस चालतो. यंदा मी विचारलं, "मामा, लिहायला कोण देऊ?"

समोर शिरूरकडून इनामगावचे आबा बसलेले. दोघं तीस वर्षं एकमेकांशी खेळतात. मामा म्हणाले, "आबा लिहील की."

"अहो, ते तर तुमच्या विरुद्ध खेळतायत."

"मग काय झालं? मी चाल बोलतो, तो लिहील."

पुस्तक चाळलं. मदतनीस समोरचाच नसावा, असं कुठं सापडलं नाही. आबांनी दोन्ही कागद पुढ्यात ओढले.

बाकीचे पट संपले तेव्हा गुण सारखे. विजेत्या गावाला मिळणारी ढाल या एका डावावर आली. आबा जिंकले तर ती शिरूरला. बरोबरी झाली तर गेल्या वर्षीच्या विजेत्यांकडं, म्हणजे दौंडलाच राहणार. मामांचा एक हत्ती कमी, घड्याळात जेमतेम मिनिट. एवढ्यात त्यांनी हात वर केला.

"पंच, हीच मांडणी तिसऱ्यांदा आलीया. बरोबरी द्या."

तीनदा तीच मांडणी आली तर मागणाऱ्याला बरोबरी द्यावीच लागते. पण मी तोवर दुसऱ्या, नुकत्याच संपलेल्या पटाचा वाद मिटवत होतो. बघणाऱ्यांना विचारलं. शिरूरकरांनी ती दोनदा बघितली होती, दौंडकरांनी चारदा.

राहिला कागद. तो आबांच्या अक्षरातला.

शिरूरचा कॅप्टन आबांच्या कानाशी वाकला. "आबा, घाईत एखादी चाल इकडची तिकडं लिहिली गेली असंल न्हाई?"

आबांनी दोन्ही कागद माझ्याकडं सरकवले. "असंल तर पंच सांगतील."

शेजारच्या पटावर मी पहिल्या चालीपासून डाव मांडत गेलो. एकतिसाव्या चालीला ती मांडणी आली. चौतिसाव्याला आली. अडतिसाव्याला पुन्हा आली, आणि समोरच्या पटाशी जुळली.

ढाल दौंडला राहिली. शिरूरचं कुणी आबांशी बोलेना.

मामांना दौंडच्या गाडीत बसवायला आबा आणि मी स्टँडवर गेलो. गाडी लागायची होती. आबा म्हणाले, "इनूस, पुढल्या वर्षी लिहायचं तुझ्याकडं. मोतीबिंदू पिकलाय माझा. आज शेवटी शेवटी पटाची तुझ्याकडची कड दिसतच नव्हती. तू बोललास, तेवढं लिहीत गेलो."

 मामांनी थरथरता हात आबांच्या पुढं धरला. "ह्या हातानं लिहू?"

"हात मी धरतो," आबा म्हणाले. "तू फकस्त चाल जशी झाली तशी लिही."