पाणी जायच्या आत

आम्ही कारखान्यातले जुने लोक भेटलो की मशीनची आठवण कुणी काढत नाही. चहा येईपर्यंत विषय गायकवाडच्या पळण्यावर येतोच. त्या एका वर्षाचे एवढे किस्से साठलेत, की निम्मे सांगायचे राहूनच जातात.

गायकवाड आमच्या सातपूरच्या कारखान्यात फिटर. वार्षिक स्पर्धेत पाच फेऱ्यांची शर्यत असायची आणि दोन वर्षं हा शेवटून पहिला! दुसऱ्या वर्षी तर मॅनेजरसाहेबांनी माइकवरून जाहीर केलं, "गायकवाड येईपर्यंत सगळ्यांनी चहा घेऊन घ्या!"

त्याची चौथीतली मुलगी संगीता घरी जाऊन म्हणाली, "पप्पा, पुढच्या वर्षी मी येणार नाही. मैत्रिणी हसतात."

त्याला ते फार लागलं. दुसऱ्याच दिवशी त्याने मला आणि स्टोअरच्या सोनवणेला बजावलं, "फर्स्ट शिफ्ट सातची. आपण पाचला पळायचं!"

*

जॉगिंग हा शब्द तेव्हा नाशकात पोचायचा होता. पळायचे बूट कुणाकडे असणार? सोनवणे कारखान्याचे सेफ्टी शूज घालून आला, पुढे लोखंड बसवलेले. कॉलनीतल्या रस्त्यावर टाप टाप टाप टाप!

एका आजींनी खिडकी उघडली. "अरे टांगेवाल्या, रामकुंडावर येतोस का?"

सोनवणे पळता पळता ओरडला, "टांगा भरलाय आजी!"

*

त्र्यंबक रोडला एक दूधवाले बाबा सायकलवर भेटायचे. पहिल्या दिवशी आम्हाला बघून घाबरून खाली उतरले.

"काय झालं वो? कुनी गेलं का?"

"नाही बाबा, तब्येतीसाठी पळतोय."

बाबांनी सोनवणेचं पोट नीट न्याहाळलं. "लय उशीर केला!"

*

कुत्री मागे लागू नयेत म्हणून गायकवाड खिशात बिस्किटं ठेवायचा. आठवड्याभरात एका कुत्र्याची अकरा झाली. आम्ही पुढे आणि ही वरात मागे!

एके दिवशी बिस्किटं वाटेतच संपली. त्या दिवशी आम्ही गायकवाडच्या दारात दहा मिनिटं लवकर हजर.

वहिनींनी घड्याळ बघितलं आणि म्हणाल्या, "उद्यापासून बिस्किटं बंद!"

*

वहिनींचंही बरोबर होतं. त्या सकाळच्या शाळेत शिक्षिका. नळ सव्वापाचला यायचा आणि सहाला जायचा. त्यांनी आधीच अट घातली होती, "पळा खुशाल, पण पाणी जायच्या आत घरी या. पिंप मी भरणार नाही."

सहाला दहा कमी झाले की त्या कोपऱ्यावर येऊन हाक मारायच्या, "अहो, पाणी चाललं!"

एरवी बैलगाडीसारखा चालणारा आमचा गडी ती हाक ऐकली की असा सुटायचा, की आम्हाला फक्त त्याची पाठ दिसायची. वर्षभर हेच चाललं.

*

स्पर्धेचा दिवस उजाडला. शर्यत दुपारी चारला. संगीता यायला तयार नव्हती, वहिनींनी हाताला धरून आणली.

चौथ्या फेरीपर्यंत गायकवाड शेवटचा. मला तर बघवेना. मॅनेजरसाहेबांनी माइक हातात घेतला आणि चहाची किटली मैदानात आली. संगीताने मान खाली घातली.

एवढ्यात वहिनी खुर्चीवर उभ्या राहिल्या आणि शाळेतल्या आवाजात ओरडल्या, "अहो, पाणी चाललंऽऽ!"

गायकवाड सुटला! एक मागे पडला, दोन पडले, चार पडले. सोनवणे टाळ्या वाजवायचंच विसरला. गडी तिसरा आला, पण थांबला नाही. तसाच पुढे गेला, वॉचमनने गेट उघडलं आणि हा थेट घराच्या रस्त्याला लागला!

बक्षीस समारंभात त्याचं नाव पुकारलं. तिसरं बक्षीस स्टीलची बादली. ती घ्यायला संगीता धावत स्टेजवर गेली.

मॅनेजरसाहेबांनी विचारलं, "बेटा, पप्पा कुठं आहेत?"

"घरी," संगीता मान ताठ करून म्हणाली. "बादली लवकर द्या, पाणी जाईल!"