डोंग्यावरची बसची बॅटरी

ही गोष्ट सांगायचं मी कित्येक वर्षं टाळलं. धरणाचा विषय निघाला की मी उठून बाहेर जायचो.

माझी सगळी नोकरी एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेली, बॅटऱ्या काढण्या-घालण्यात. म्हणून गावच्या मच्छीमार संस्थेने डोंग्याला लावायची विजेची मोटर आणली, तेव्हा बॅटरी निवडायचं काम माझ्याकडे आलं. डोंगा माझ्या शाळासोबत्याचा होता. वल्हं मारून मारून त्याचा खांदा गेला होता.

कारंज्याच्या दुकानात त्याने लिथियमची बॅटरी एका हाताने उचलली. "हेच घे. डोंगा लहान हाये, जड बॅटरीनं मांगून दबन."

इतकी हलकी म्हणजे आत काही आहे की नुसता डबा? शिवाय दुकानदार फारच गोड बोलत होता. मी बसला लागते तसली जड बॅटरी उचलली.

"तुले मासे पकडाचे हायेत का बस चालू कराची हाये, लेका?" तो म्हणाला.

पंधरा-वीस दिवस बरे गेले. मग सकाळी मी भरून दिलेली बॅटरी दुपारच्या आत उतरायला लागली. तो वल्हं मारत परत यायचा. एवढा करंट जातो कुठे? त्यातच काठाला लहान मासे पोटं वर करून तरंगताना दिसले. पाण्यात करंट सोडून मासे मारणारे आमच्याकडे आहेत, आणि असा माणूस संस्थेत राहत नाही. मी त्याच्या डोंग्यात गुपचूप वायर शोधली. सापडली नाही, तेव्हा वाटलं, लपवली असेल.

बैठकीत मी उभा राहिलो. "बॅटरी मी रोज फुल भरतो. करंट कुठं जाते, विचारा त्याले."

"लोकायले कायले सांगतं? तूच विचार ना मले," तो म्हणाला.

मी विचारलं नाही. संस्थेने त्याला काढलं. तो मानोऱ्याकडे मुलीच्या गावी निघून गेला.

पुढे तो मागे सोडून गेलेल्या त्याच डोंग्यात, तीच बॅटरी फुल भरून मी बसलो. धरणाच्या मधोमध बॅटरी उतरून मोटर बंद पडली. कारंज्याच्या स्टँडवर एका ई-रिक्षावाल्याला विचारलं. तो म्हणाला, "काका, ते गाडीले झटका देयाची बॅटरी. रोज पुरी उतरवली का मरते." बसमध्ये ती चालता चालता पुन्हा भरते. हे मला ठाऊक होतं, पण डोंग्यात चालताना ती कोण भरणार, हे सुचलंच नाही. काठाचे लहान मासे तर पाणी आटून तापलं की एरवीही मरतात.

जुनी खराब झाली एवढंच सांगून मी संस्थेला लिथियमची घ्यायला लावली. खरं कारण सांगितलं नाही.

एकदा त्याच्याकडे गेलो. त्याने चहा मागवला. "कोनती लावली मंग?"

"लिथियमची."

"मंग मी काय म्हनत होतो!" तो खांदा चोळत हसला. मी सोयाबीनचं विचारलं आणि एसटी धरली. मागच्या उन्हाळ्यात तो गेला.

त्या दिवशी म्हणायचं होतं ते एवढंच: करंट तू चोरला नाही. बॅटरी मी चुकीची घेतली अन् तुले चोर केलं. कळल्यावरही गप्प राह्यलो. मले माफ कर, गड्या.