सुईवाल्याचं शेवटचं कडवं

काका गेले त्याच्या पुढच्या वर्षी बंगळूरच्या आमच्या ऑफिसातल्या पुण्याच्या मंडळींनी त्यांच्या गाण्यांची कॅसेट काढायचं ठरवलं, आणि माझे कित्येक रविवार बसमध्ये गेले. के. आर. पुरमहून शिवाजीनगर, तिथे काकूकडे डोकावायचं, मग दुसरी बस धरून जयनगर. सोमवारी कॉम्प्युटरसमोर बसले की सुट्टी झालीच नाही असं वाटायचं.

काका शिवाजीनगरला एका अरुंद दुकानात शाळांचे युनिफॉर्म शिवायचे आणि गाणी करायचे. मशीन चालवता चालवता जुळवायचे, संध्याकाळी काकूला म्हणून दाखवायचे. पिढ्यान्‌पिढ्या इथे राहून ज्यांच्या मराठीत निम्मं कन्नड मिसळलंय अशी आमच्यासारखी घरं होती, त्यांच्या बारशांना, डोहाळजेवणांना ती गाणी व्हायची. शेवटच्या कडव्यात काका स्वतःला 'सुईवाला' म्हणवून घ्यायचे. बारशाचं गाणं असं संपायचं :

सुईवाला सांगे, उसवलं ते शिवावं,
उरल्या कापडाचं झबलं बाळाला द्यावं.

हे कडवं आलं की बायका टाळ्या थांबवायच्या. गाणं कुणी केलंय ते पाहुण्यांना नीट ऐकू गेलं पाहिजे, अशी पद्धत होती. काका-काकूंना मूल नव्हतं.

ही गाणी ऑफिसात पोचली ती माझ्या वॉकमनमुळे; काकूकडच्या, काकांच्या आवाजातल्या टेपा मी त्यावर ऐकायचे. माझा एक सीनियर होता, सदाशिव पेठेतून थेट इथे आलेला, गिटार वाजवणारा. एका दुपारी त्याने विचारून हेडफोन कानाला लावला आणि तो उडालाच.

"अगं, हे कसलं भन्नाट आहे! कोण आहे हा माणूस?"

"काका."

"कुणाचे?"

"माझे."

"आणि तू बोलली नाहीस कधी?"

मी कुणाशीच फारसं बोलत नसे. माझं मराठी ऐकून ती मंडळी हसत, प्रेमानेच, पण हसत. एकदा चहात साखर 'स्वल्प' घाल म्हणाले, कन्नडमध्ये थोडीला म्हणतात तसं, तर आठवडाभर मला तेच नाव पडलं होतं.

त्याने खरोखर मनावर घेतलं. स्टुडिओ ठरवला, वर्गणी काढली, नागपूरची एक शास्त्रीय शिकलेली मुलगी गायला तयार केली. त्याला 'ट्रिब्यूट अल्बम' करायचा होता. टेपवरून गाणी उतरवून द्यायचं काम माझ्याकडे आलं. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, देवनागरी लिहायची सवय शाळेतल्या हिंदीपुरती. टेप मागे-पुढे करत आठ गाणी उतरवायला मला महिना लागला.

मग एका रविवारी जयनगरला त्याच्या गच्चीवरच्या खोलीत गेले, तर सगळ्यांच्या हातात झेरॉक्स होत्या आणि प्रत्येक गाण्याच्या शेवटच्या कडव्यावर रेघ मारलेली होती. आठही गाण्यांत. मी विचारलं.

"ते रिपीटिटिव्ह होतं गं," सीनियर म्हणाला. "आणि एका बाजूला तीसच मिनिटं असतात. नाव कव्हरवर येतंय ना, मोठ्या अक्षरांत. फोटोसुद्धा."

परत जाताना शिवाजीनगरला उतरून काकूला सांगितलं. काकू भाजी निवडत होती. तिने हात थांबवले नाहीत.

"ट्रिब्यूट म्हणजे काय म्हणालीस?"

"मान देणं."

"मान देतात, आणि नाव पुसतात?"

पुढच्या रविवारी ती माझ्याबरोबर निघाली. जयनगरचे जिने चढून धापा टाकत खुर्चीवर बसली, आणि सगळे उभे राहिले.

"काकू, सरबत घेणार?"

"नको. ह्यांचं नाव का काढलंत ते सांगा."

सीनियरने मला सांगितलं तेच तिला सांगितलं, जरा जास्त अदबीने. कव्हरचा कच्चा नमुना आणून दाखवला. काकूने तो दूर धरून पाहिला.

"फोटो चांगला आहे. घरी भिंतीवर पण आहे, हार घातलेला. फोटो काय गातो होय रे?"

नागपूरची मुलगी तिच्याजवळ जाऊन बसली. "काकू, मी मनापासून गाते जी. पण आठ वेळा सुईवाला, सुईवाला... ऐकणाऱ्याला कसं वाटते ते!"

"तुला आठदा जड होतं? त्यांनी जन्मभर म्हटलं." मग काकूचा आवाज खाली आला. "आम्हाला पोर नाही. नाव लावणारं कुणी नाही. ते तिथं होतं, गाण्यात. लोकांच्या घरी पोरं मोठी व्हायची, त्यांच्या लग्नात परत ते नाव यायचं. ते नसेल तर गाणी कुणाची बी होतील. मग नकोत. टेपा परत द्या माझ्या."

सीनियर माझ्याकडे पाहत होता, जणू तिला समजावणं माझंच काम. बोलायचं झालं की मला इंग्रजीच सुचायचं, तसंच सुचलं, आणि इंग्रजीतच मी त्याला म्हणाले, की ती सजावट मागत नाहीये, त्यांची सही मागते आहे.

स्टुडिओचे पैसे भरून झाले होते, आठवडाभरावर तारीख आली होती. काकूलाही टेपा परत नेऊन काय करायचं ते माहीत नव्हतं. तिचा टेपरेकॉर्डर जुना होता, दोन टेपा आधीच ताणून गेल्या होत्या. शेवटी तो म्हणाला, "बारशाच्या गाण्यात ठेवू. एकाच. आपण सगळे मिळून म्हणू."

"एकात?"

"एकात, काकू."

तिने कव्हरचा नमुना त्याला परत दिला. "सरी," म्हणाली. कन्नडमधलं 'बरं' ते. भाव पटला नाही तरी वेळ नाही म्हणून भाजी घेताना ती असंच म्हणायची.

रेकॉर्डिंगच्या दिवशी ते कडवं खरंच म्हटलं गेलं. माइकभोवती आम्ही सगळे होतो. मी मागे उभी राहून म्हटलं, आणि माझा आवाज कुणाला वेगळा ऐकू गेला नाही याचं बरंच वाटलं.

कॅसेट आली ती मी ऑफिसातून सुटल्यावर तशीच काकूकडे नेली. बसमध्ये उभी राहून आले होते, पाय दुखत होते. काकूने कव्हर पदराने पुसलं, मग टेपरेकॉर्डरमध्ये कॅसेट घातली. बारशाचं गाणं पहिल्या बाजूला, शेवटून दुसरं. पाळणा आला, व्हायोलिन आलं, नागपूरच्या मुलीचा सुरेख आवाज आला. काकू मान हलवत होती. मग शेवटचं कडवं सुरू झालं आणि आवाज उतरायला लागला. 'सुईवाला'पासूनच. 'शिवावं'पर्यंत तो पार लांब गेला होता, रस्त्याच्या त्या टोकाला कुणी म्हणत जावं तसा. मग नुसती टेपची खरखर.

"बॅटरी संपली काय गं?"

"नाही. विजेवर लावलंय."

मला कळलं होतं. दुसऱ्या दिवशी सीनियरनेही तेच सांगितलं : सगळी गाणी बाजूच्या तीस मिनिटांत बसत नव्हती, म्हणून शेवट हळूहळू उतरवला, फेड केला, पण आहे की गं त्यात, आहे.

काकूने टेप मागे घेतली. या वेळी कडव्याच्या आधीच तिने आवाजाचं बटण पूर्ण फिरवलं आणि कान जाळीला लावला. आवाज कमी करा म्हणून खालून कुणीतरी ओरडलं, "अक्का, स्वल्प कम्मी माडी!" काकूने लक्ष दिलं नाही. कडवं आलं, दूर गेलं, खरखर मोठी झाली, आणि पुढचं गाणं एकदम असं कडाडलं की आम्ही दोघी दचकलो. मी धावत जाऊन बटण दाबलं.

"आलं का?" काकूने मला विचारलं.

"आलं. तुला नाही ऐकू आलं?"

"खरखरच आली मला." ती भिंतीला टेकली. "तू होतीस ना तिथं? म्हटलंत ना सगळ्यांनी?"

"म्हटलं. मी पण म्हटलं."

"मग आहे," ती म्हणाली. "आता राहू दे. दमले मी."

मी कॅसेट काढून डबीत ठेवली. के. आर. पुरमची बस अजून होती, पण मला उठवेना. तिच्याशेजारी भिंतीला टेकून बसून राहिले.