जपानी रायफलीची दुर्बीण

आधी दगडूमामांचं नाव लिहितो. देवगाव रंगारीचे दगडूमामा, औरंगाबादेत बंदुका दुरुस्त करायचं दुकान चालवणारे. चौथीत शाळा सोडलेल्या, रत्नागिरीकडून आलेल्या मला त्यांनी काम दिलं, घरच्या ताटात जेवू घातलं. भुताखेतांवर माझा तेव्हाही विश्वास नव्हता, आजही नाही... पण हे घडलं.

हैदराबादच्या पोलिस ॲक्शनला दोन-तीन वर्षं झाली होती. लासूर स्टेशन गावच्या एका रिटायर फौजी हवालदारानं बर्मा फ्रंटवरून आणलेली जपानी रायफल दुकानात आली – नळी कायमची बुजवून शोभेला तहसील कचेरीच्या भिंतीवर टांगायची होती. लपून नेम धरणाऱ्या शिपायाची रायफल ती. वरून गोळ्या भरता याव्यात म्हणून दुर्बीण मधोमध नाही, डावीकडं बसवलेली. नेम कमीजास्त करायला तिला स्क्रूच नाही. कारखान्यात जुळवली ती कायमची. नळीखाली टेकू द्यायला तारेचा पाय. बोल्टवर, म्हणजे गोळी आत ढकलणाऱ्या दांड्यावर, पत्र्याचं सरकतं झाकण. वरचं राजफूल, जपानी बादशहाचा शिक्का, कुणीतरी घासून टाकलेलं.

दुकानाचा एक नियम होता. बंदूक हातात घेतली की बोल्ट उघडून आत बोट घालायचं, मग मोठ्यानं म्हणायचं – "खाली!" म्हणजे आत गोळी नाही.

त्या दुपारी मामा समोरच्या हाटेलात चहाला गेले होते. तिथूनच ओरडले, "कोकण्या, खाली हाय का रं ती?"

"खाली, मामा!" मी म्हणालो. बोट घातलं नव्हतं. झाकण वाजतं म्हणून उघडायचा कंटाळा केला.

वर गंमत म्हणून मागचा सेफ्टीचा गोल खटका तळहातानं दाबून, फिरवून उघडला, रायफल खांद्याला लावली आणि दुर्बीण मामांवर धरली. बशी फुंकताना त्यांच्या मिशा हलताना दिसल्या. हसू आलं. बोट ट्रिगरवर गेलं...

आणि काळोख. भिंगापुढं कुणीतरी हात धरावा तसा – कडेला लालसर, उन्हात तळवा धरला की दिसतं तसं. डोळा काढला. पुढं कुणी नाही. भिंगाची टोपी टेबलावर. पुन्हा डोळा लावला – तेच. तिसऱ्यांदा तेच.

बोल्ट ओढला. हिरवट पडलेलं एक जिवंत काडतूस फरशीवर पडलं.

मी त्यावर पाय ठेवला. मामा माझ्यासाठी चहा घेऊन आले.

"घे, ऊन ऊन हाय. असा घामाघूम का झालास रं? रायफल बघून जपानी आला व्हय अंगात?"

"नाही मामा."

"तू खाली म्हणलास म्हंजी मला उठून बघायची गरज नाय. लई जपून काम करतोस."

तो चहा मी प्यायलो. त्याची लाज अजून जात नाही. काडतूस खाम नदीत टाकलं. पुढं दोन दिवस त्या दुर्बिणीतून शंभरदा पाहिलं – काचेसारखं स्वच्छ. महिन्याभरात आई आजारी असल्याचं खोटं सांगून मी दुकान सोडलं.

आता नागपुरात लोखंड कातायचा खराद चालवतो. तो हात कुणाचा, हात होता की काय, मला सांगता येत नाही. कुणाला कळलं तर लिहा.

मामा, दुकान बंद करून तुम्ही गावी राहता असं कळलं; मी देवगावला येणार आहे. 'तपासली नव्हती' हे तुमच्या तोंडावर सांगीन. त्यानंतर उंबऱ्यात उभं राहू दिलंत, तर तुमच्या म्हातारपणी तुम्हाला बसल्या जागी घास मिळेल एवढं मी नक्की करीन.