एकाच माईकमधून आलेला दुसरा आवाज

मी बी.एस्सी. केमिस्ट्री. अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये सगळी नोकरी रीडिंग घेण्यात गेली. त्यात आमचं घर बौद्ध. आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हाच अंगारे, उतारे, भूतंखेतं सगळं घराबाहेर गेलं. लहानपणी चाळीतलं कोणी ‘त्या चिंचेवर हडळ आहे’ म्हणालं की बाबा मला मुद्दाम त्याच झाडाखाली चिंचा वेचायला पाठवायचे. त्यामुळे असले अनुभव मी करमणूक म्हणून वाचते... आणि तरी आज स्वतःच लिहायला बसलेय. कारण हे घडलं ते दिवसाढवळ्या, शे-दीडशे माणसांसमोर – आणि माईकसमोर मीच उभी होते.

गोष्ट नव्वद-एक्याण्णवची. बाबा एमआयडीसीत फिटर होते, पण अंबरनाथ-बदलापूरला लोक त्यांना ओळखायचे ते गाण्यामुळे. त्यांची स्वतःची गायन पार्टी होती. बुद्धगीतं, प्रबोधनाची गाणी... बहुतेक त्यांनीच रचलेली. मोठा भाऊ पेटीवर, नामदेवकाका ढोलकीवर, मी कोरसला. बाबांचा आवाज भरदार, थोडा खरखरीत. मैदानात शेवटच्या माणसापर्यंत पोचायचा.

मग घशाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र काढलं. बाबा वाचले, पण आवाज गेला. नुसता बसला नव्हता – गेलाच. गळ्याला श्वासासाठी भोक होतं; साधं कुजबुजताही यायचं नाही. खिशात एक छोटी डायरी आणि पेन्सिल असायची, बोलणं तेवढंच.

पार्टी बंद करायची, असं आम्ही सगळ्यांनी मनातल्या मनात धरलंच होतं. बाबांनी डायरीत लिहिलं, ‘कल्पना गाईल.’ कल्पना म्हणजे मी.

नामदेवकाका स्पष्ट बोलणारे. “दादा, पोरगी सुरात आहे, नाही म्हणत नाही. पण तिचा आवाज बारीक. भोंग्यातून तर पार चिरका येतो. खेड्यात लोक उठून जातील.”

ते खरंच होतं. तेव्हा कार्यक्रमाला मंडपवाल्याचाच साउंड असायचा – एक भोंगा नि एक माईक, तोही सगळ्या भाषणांना वापरून वापरून दमलेला. बाबांनी काकांचं म्हणणं शांतपणे ऐकलं आणि लिहिलं, ‘मग आवाज नको बदलू. माईक बदल.’

पुढच्या रविवारी आम्ही दोघं उल्हासनगरला, कॅम्प पाचला गेलो. तिथे एका सिंधी गृहस्थांचं साउंडच्या सामानाचं दुकान होतं. सगळे त्यांना साईं म्हणायचे. बाबांच्या अटी डायरीत तयार होत्या: सगळा सेट एका रिक्षात मावला पाहिजे, लाइट गेली तर बॅटरीवर चालला पाहिजे, आणि कल्पनाला एकटीला उचलता आला पाहिजे.

साईंनी बारा व्होल्टवर चालणारा एक ॲम्प्लिफायर नि दोन उभे कॉलम स्पीकर काढले. त्यावर बाबांनी लगेच होकाराची मान डोलावली. माईकवर मात्र दोन तास गेले.

साईंनी पहिला काढला तो चकचकीत, सोनेरी जाळीचा. “बेटी, ये ले जाओ. शादी-ब्याह में सब यही ले जाते हैं.”

बाबा दुकानात मागच्या भिंतीकडे तोंड करून बसले आणि बोटाने खूण केली – गा. मी एक ओळ गायले. त्यांनी न बघताच हात हलवला. नको. दुसरा माईक इतका तिखट कानाचा की माझ्या गाण्याबरोबर रस्त्यावरचे रिक्षांचे हॉर्नही स्पीकरमधून यायला लागले. तोही नको. तिसरा साईंनी स्वतःहून काढलाच नव्हता. तो टेस्टिंगसाठी काउंटरवर पडलेला, जड, डोक्याची जाळी एका बाजूला चेपलेली. बाबांनीच तो उचलला. मी गायले आणि पहिल्यांदाच मला स्पीकरमधून माझा आवाज ऐकू आला. म्हणजे माझा. बारीकच, पण गोल.

बाबा उठले. माईकच्या बाजूला उभं राहून त्यांनी जोरात टाळी वाजवली. स्पीकरमध्ये जवळजवळ काही नाही. समोर येऊन हळूच वाजवली – खणखणीत. समोरचंच ऐकतो, आजूबाजूचं घेत नाही, म्हणजे स्पीकरचा आवाज परत माईकमध्ये शिरून शिट्टीही मारणार नाही.

साईंनी तोच माईक पुसून पुढे ठेवला. म्हणाले, “काका बोलते नहीं, मगर कान पक्के हैं इनके.”

एवढ्या वर्षांत बाबांना हार-तुरे खूप मिळाले. पण त्या दिवशी त्या दुकानात माझी छाती जेवढी फुगली, तेवढी कधीच नाही.

पहिला कार्यक्रम बदलापूर गावाच्या पलीकडे होता. लोकांनी स्वतः श्रमदान करून विहार बांधला होता, त्याचं उद्घाटन. दुपारी चारची वेळ. लाइट नव्हतीच, आम्ही रिक्षाची बॅटरी जोडली. बाबा स्टेजच्या खाली ॲम्प्लिफायरजवळ, हात व्हॉल्यूमवर. माईक एकच. पेटी आणि ढोलकी तशीच, बिनमाईकची.

दोन गाणी चांगली गेली. लोक उठले नाहीत. तिसरं बाबांचं विहाराचं गाणं, सगळ्यांना पाठ असलेलं. दोन अंतरे झाले आणि तिसऱ्याला माझी पाटी एकदम कोरी झाली. एक शब्द आठवेना. भाऊ पेटीवर तीच ओळ फिरवत राहिला. पुढच्या रांगेत कुजबुज सुरू झाली. बाबांकडे बघायची माझी हिंमत होईना.

आणि स्पीकरमधून आवाज आला. भरदार, थोडा खरखरीत.

‘वीट वीट रचताना दिव्याची जागा सोडली...’

मी विचार केलाच नाही. ओळ मागून म्हटली. परत तो आवाज –

‘उजेड येणार म्हणून आधी खिडकी जोडली...’

तीही म्हटली. मग धृपद आलं, ते मला येतच होतं. लोकांनी टाळ्यांचा ठेका धरला, बाया उभ्या राहिल्या. मी इतकी मोकळी त्याआधी कधी गायले नव्हते. गाता गाता बाबांकडे पाहिलं. ओठ घट्ट मिटलेले. डोळ्यांतून पाणी.

कार्यक्रम संपल्यावर ते माझ्याजवळ आले. डायरी पुढे केली. लिहिलं होतं, ‘हा अंतरा तुला कोणी सांगितला?’

“तुमचाच ना? मी विसरले होते, मग...”

त्यांनी नकाराची मान हलवली. खाली लिहिलं, ‘जुना वेगळा आहे. हा मी ऑपरेशननंतर मनात केला. कोणाला दाखवला नाही. कुठे लिहिलेला नाही.’

मी पायरीवर बसले.

मग मी एकेकाला विचारलं, लॅबमध्ये विचारतो तसं, उत्तर न सुचवता. भावाने फक्त माझा आवाज ऐकला होता; त्याला वाटलं, मी आयत्या वेळी नवीन रचलं. नामदेवकाका ढोलकीच्या दोऱ्या आवळत होते. वर न बघता म्हणाले, “दादांचा होता. तीस वर्षं त्याच्यावर ठेका धरलाय मी.” आणि शेवटच्या रांगेतल्या अनुसयाबाई – ऐंशीच्या घरातल्या, आमची ना ओळख ना पाळख, नावही नंतर कळलं – माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाल्या, “बापलेकी दोघांनी लई ग्वाड गायलं गं.”

आमच्या कंपनीतल्या इलेक्ट्रिकल इंजिनीअरना मी ॲम्प्लिफायर उघडून दाखवला. त्याने एखादं रेडिओ स्टेशन पकडलं असेल का, तेही त्यांनी तपासलं. म्हणाले, “क्वचित पकडतंही. पण रेडिओला तुझ्या वडिलांच्या मनातला अंतरा कुठून माहीत असणार?” भीतीपोटी माझ्याच मनाने ते रचलं म्हणावं, तर काकांनी काय ऐकलं? आणि बाबांचे तेच शब्द कसे?

बाबा त्यानंतर नऊ वर्षं होते. शेकडो कार्यक्रम केले, तो आवाज परत कधीच आला नाही. बाबांनीही हा विषय पुन्हा काढला नाही. फक्त पार्टीच्या बोर्डावर स्वतःच्या हाताने माझं नाव वर रंगवलं, मोठ्या अक्षरात, आणि खाली ‘आणि पार्टी’.

त्या उद्घाटनानंतर काही महिन्यांनी अनुसयाबाई नातवाला घेऊन अंबरनाथला आमचं घर शोधत आल्या. नातीचं लग्न होतं, गाणं हवं होतं. “पर दोघं या,” त्या म्हणाल्या. “बाप बी गायला पायजे.”

मी म्हटलं, “आजी, बाबांना बोलता येत नाही. ऑपरेशन झालंय.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग बाबांकडे. “असंल,” म्हणाल्या. “मी ऐकलंय नव्हं.”

मी वाद घातला नाही. एरवी घातला असता. लग्नाच्या दिवशी ॲम्प्लिफायर भावाच्या पेटीशेजारी, त्याच्याकडे दिला, आणि बाबांना वर स्टेजवर माईकसमोर, माझ्या शेजारी खुर्ची टाकली.